डिस्क प्लेट कडेला नाही, मधे मोजायची

माझ्या मोटरसायकलच्या पुढच्या डिस्क ब्रेकच्या प्लेटवर बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलंय, 'मिन टीएच ३.५ मिमी', म्हणजे कमीत कमी जाडी. गाडी घेऊन सहा वर्षं झाली, दर रविवारी धुतली-पुसली, पण ती अक्षरं कधी वाचली नव्हती. वाचली त्या दिवशी लगेच व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं जबड्यांचं हत्यार, घेऊन बसलो. प्लेटच्या कडेवर चढवला, आकडा आला ३.९. म्हटलं, बक्कळ शिल्लक आहे. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला येताना ब्रेक दाबला की लिव्हर बोटाखाली धडधडायची, ते पावसामुळे असेल म्हणून सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात पॅड, म्हणजे प्लेटला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेकचे ठोकळे, बदलायला मेस्त्रींकडे गेलो तेव्हा त्यांना हा आकडा मोठ्या रुबाबात सांगितला. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही कड मोजलीत. कडेवर पॅड घासतो का कधी?" मग त्यांनी ५ मिमीच्या दोन जुन्या ड्रिलचे दांडे घेतले, प्लेटच्या दोन बाजूंना, पॅड जिथे घासतो तिथे, एकेक धरला आणि वरून व्हर्नियर लावला. आकडा आला १३.३२. मग नुसते दोन दांडे एकत्र मोजले, ९.९०. वजाबाकी मला करायला लावली. ३.४२. म्हणजे ज्या प्लेटला मी 'बक्कळ' म्हणत होतो, ती मर्यादेच्या खाली जाऊन बसली होती.

हे असं का होतं ते आधी समजून घ्या, कारण बाकी सगळी तपासणी याच्याभोवती फिरते. पॅड प्लेटच्या अगदी टोकापर्यंत पोचत नाही, थोडी कड सुटते. वर्षानुवर्षं घासून मधला पट्टा खाली जातो आणि ती न घासलेली कड शेताच्या बांधासारखी उभी राहते. व्हर्नियरचे जबडे सपाट. ते या बाजूच्या बांधावर आणि त्या बाजूच्या बांधावर टेकतात, आणि मधला खड्डा मोजमापात येतच नाही. तुम्ही मोजता तो बांध. गाडी थांबवायची असते खड्ड्याने.

काय हाताशी ठेवायचं

सुती फडकं, मोबाईलचा टॉर्च, व्हर्नियर, एकाच मापाचे दोन ड्रिल (नवे कशाला, मोडलेलेही चालतात, आपल्याला फक्त गुळगुळीत दांडा हवा) आणि एक केबल टाय. मायक्रोमीटर मिळाला तर उत्तम; ० ते २५ मिमीचा पुरतो आणि ०.०१ मिमीपर्यंत मोजतो. त्याची टोकं लहान असल्यामुळे ती बहुतेक वेळा बांधाच्या आत सरळ पट्ट्यावर बसतात, ड्रिलची कसरत करावी लागत नाही. ओळखीत कुणी टर्नर-फिटर असेल किंवा आयटीआयला जाणारा पोरगा असेल तर त्याच्याकडे असतोच. प्लास्टिकचा स्वस्त डिजिटल व्हर्नियर मात्र या कामाला घेऊ नका. इथे निर्णय पाव-अर्ध्या मिलिमीटरवर होतो आणि त्याचे जबडे दाबाल तसे वाकतात.

गाडी थंड असू द्या. घाट उतरून आल्या आल्या प्लेटला हात लावला तर कातडी सोलून निघेल, आणि गरम लोखंड फुगलेलं असतं, माप तसंही बरोबर येणार नाही. सपाट जागी मेन स्टँडवर लावा. पुढचं चाक उचलायचं असेल तेव्हा घरातल्या कुणाला तरी मागच्या सीटवर अगदी मागे सरकून बसायला सांगा, पुढचं चाक आपोआप अधांतरी होतं. मेन स्टँड नसलेल्या गाडीला पॅडॉक स्टँड (चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) लागेल. साईड स्टँडवर तिरकी करून, एका हाताने हँडल पेलत आणि दुसऱ्या हाताने माप घेत बसू नका.

एक गोष्ट दोनदा सांगतो. मागचं चाक फिरवायचं असेल तर हाताने फिरवा, इंजिन बंद ठेवून. इंजिन चालू करून गिअरमध्ये चाक फिरवायचं आणि जवळून प्लेट बघायची, हा प्रकार मी गॅरेजमध्ये पाहिलेला आहे. प्लेटच्या भोकात बोट गेलं की ते पुढे कॅलिपरमध्येच, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यातच जातं. मागच्या चाकाला इंजिन बंद. झालं दोनदा.

आधी डोळे, मग नख

प्लेट फडक्याने पुसा. काळी भुकटी तोंडाने फुंकून उडवू नका, ती पॅडची असते आणि छातीत जायला नको. फडकं थोडं ओलं करून पुसलं की प्रश्न मिटतो. तेलकटपणा दिसला तर ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. रॉकेल, डिझेल, चेनचा स्प्रे यातलं काहीही प्लेटजवळ नको. तेलकट प्लेटवर पॅड एकदा घासला की तेल पॅडमध्ये मुरतं आणि मग पॅड टाकूनच द्यावा लागतो.

आता छापलेला आकडा शोधा. बहुतेक प्लेटांवर तो बोल्टच्या जवळ, आतल्या कड्यावर असतो. चिखलाखाली दबलेला असतो म्हणून आपल्याला दिसत नाही. 'मिन टीएच' म्हणजे प्लेट जास्तीत जास्त कुठवर झिजलेली चालेल ती जाडी. १५० सीसीच्या आसपासच्या गाड्यांवर नवी प्लेट ४ मिमी आणि मर्यादा ३.५ असं बऱ्याचदा दिसतं. म्हणजे झिजायला जागा अवघा अर्धा मिलिमीटर! पण हा आकडा शेजाऱ्याच्या गाडीवरून घेऊ नका, स्वतःच्या प्लेटवरचाच वाचा. पुढच्या आणि मागच्या प्लेटचे आकडेही वेगळे असू शकतात. आणि प्लेट मोठी म्हणजे जाड, असंही काही नाही. पल्सर एनएस २०० ची पुढची प्लेट ३०० मिमी व्यासाची आणि मागची २३०, पण व्यासावरून जाडीचा अंदाज बांधता येत नाही.

चाक हळूहळू फिरवत पूर्ण प्लेट बघा. काय बघायचं?

पहिली गोष्ट भेगा. प्लेटला जी भोकं असतात त्यांच्या काठापासून केसासारखी रेघ निघालेली दिसते का बघा. टॉर्च समोरून मारला तर दिसत नाही, तिरका मारा, रेघेची सावली पडते. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत किंवा कडेपर्यंत गेलेली भेग दिसली तर पुढे काहीही मोजायची गरज नाही. गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टेम्पोत घालून न्या.

दुसरी गोष्ट रंग. निळसर-जांभळे डाग म्हणजे प्लेट कधीतरी फार तापली. घाटात गाडी न्यूट्रल करून, नुसत्या ब्रेकवर उतरवणाऱ्यांच्या प्लेटवर हे हमखास दिसतात. डाग दिसले म्हणजे प्लेट गेलीच असं नाही, पण अशी प्लेट वाकडी झालेली असण्याची शक्यता जास्त, म्हणून पुढची 'आउट'ची तपासणी अजिबात टाळू नका. घाटात न उतरताही निळेपणा आला असेल तर कॅलिपर अडकतोय आणि पॅड प्लेटला कायम चिकटून चाललाय असं समजा.

गंजाबद्दल नवीन लोक उगाच घाबरतात. दुचाकीची प्लेट साधारण स्टेनलेसच असते, पण ती स्वयंपाकघरातल्या डब्याची जात नव्हे. कडक केलेली, लोहचुंबकाला चिकटणारी जात आहे ती. कोकणात पावसात गाडी रात्रभर बाहेर राहिली की सकाळी पट्ट्यावर तांबूस झाक दिसते. चार वेळा ब्रेक मारले की जाते. जात नसेल आणि बोट फिरवल्यावर बारीक खड्डे लागत असतील तर तो गंज आत गेलाय. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत आणखी एक गंमत होते: पॅड जिथे टेकलेला असतो नेमका तिथे त्याचा छाप उमटतो आणि मग चाकाच्या प्रत्येक फेरीला ब्रेक त्या जागी एकदा हिसका देतो.

आता नख. हाताचं नख पट्ट्यावर टेकवा आणि चाकाच्या मध्यापासून कडेकडे ओढत न्या, म्हणजे चऱ्यांना आडवं. ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक रेषा सगळ्याच वापरलेल्या प्लेटला असतात, त्यावरून नख सरसर जातं. एखाद्या चरीत नख अडकून थांबलं तर ती खोल. आपल्याकडे लाल मातीच्या रस्त्यांवर पावसात जो चिखल उडतो, त्यातली वाळू पॅड आणि प्लेटच्या मधे जाऊन अशा चऱ्या पाडते. आणि शेवटी नख कडेपर्यंत गेलं की एक पायरी लागेल. हाच तो बांध. पायरी जितकी ठसठशीत, तितकी प्लेट झिजलेली. जुनी गाडी विकत घ्यायला गेलात आणि सोबत एकही हत्यार नसेल, तर निदान हे नख फिरवाच. ओडोमीटरचा आकडा काय म्हणतो ते सोडा, बांध काय म्हणतो ते बघा. फुलाच्या पाकळ्यांसारखी नागमोडी कड असलेल्या प्लेटवर हा बांध सलग नसतो, पाकळीच्या टोकांवर शोधावा लागतो.

आतली बाजू, म्हणजे स्पोक किंवा अलॉयकडची, कुणीच बघत नाही. तिथे डोकं जात नाही, पण मोबाईल जातो. फ्लॅश चालू करून व्हिडिओ काढत चाक फिरवा आणि मग निवांत बघा. बाहेरची बाजू आरशासारखी आणि आतली नांगरलेली, असं मी दोन गाड्यांवर पाहिलंय. दोन्हीकडे कारण एकच निघालं. ते पुढे सांगतो.

माप

व्हर्नियर बंद करून शून्य दाखवतो का ते बघा. नसेल दाखवत तर जो फरक आहे तो लिहून ठेवा.

दोन्ही दांडे एकत्र धरून मोजा. माझ्याकडचे ५ मिमीचे ड्रिल ४.९५ चे निघाले, तेव्हा छापील मापावर विसंबू नका. हा आकडा लिहा.

आता एक दांडा प्लेटच्या बाहेरून आणि एक आतून, बरोबर समोरासमोर, पट्ट्यावर ठेवायचा. आडवा ठेवायचा की उभा, इथेच चूक होते. दांडा प्लेट फिरते त्या दिशेने, म्हणजे चरीच्या लांबीत झोपवायचा. मध्यापासून कडेकडे ठेवला तर त्याचं टोक पुन्हा बांधावर चढतं आणि सगळं मुसळ केरात. दोन दांडे, एक व्हर्नियर आणि हात मात्र दोनच, म्हणून दांडे कागदी टेपने चिकटवा. टेपचा तुकडा दांड्याच्या टोकांवर येऊ द्या, जबड्याखाली नको. पहिल्यांदा मी दांडा चिकटून राहावा म्हणून त्याला बोटभर ग्रीस लावायला निघालो होतो. ब्रेकच्या प्लेटला ग्रीस! मेस्त्रींनी हातावर चापट मारली नाही एवढंच.

व्हर्नियर हलकेच आवळा, किंचित डोलवून बघा, सगळ्यात कमी येणारा आकडा खरा. त्यातून दोन दांड्यांचं माप वजा करा. उरलं ती जाडी.

एका जागी मोजून उठू नका. चाक थोडं थोडं फिरवत निदान सहा ठिकाणी मोजा आणि प्रत्येक जागी खडूने खूण करा. यातला सगळ्यात कमी आकडा छापील मर्यादेशी ताडून बघायचा. सरासरी काढायची नाही. सर्वात कमी आणि सर्वात जास्त यांतला फरकही बघा, तो ०.०५ मिमीच्या आसपास असला तरी ब्रेक मारताना लिव्हर बोटाखाली धडधडू शकते. व्हर्नियरवर एवढा बारीक फरक नीट पकडता येत नाही, त्यासाठी मायक्रोमीटरच हवा. शंका आली तर मागून आणा.

आकडा मर्यादेच्या वर असेल तर किती दिवस निघतील याचा हिशोब करता येतो. समजा नवी प्लेट ४ मिमी होती, २२,००० किलोमीटरला ३.७८ भरली. म्हणजे ०.२२ झिजली, दर हजार किलोमीटरला ०.०१. मर्यादा ३.५ असेल तर ०.२८ शिल्लक, म्हणजे याच चालीने आणखी २८,००० किलोमीटर. पण चाल बदलते. पावसाळाभर घाटात चालवलीत, किंवा धातूचं प्रमाण जास्त असलेले कडक पॅड घातलेत, तर हा हिशोब कोलमडतो. मोजून ३.५५ आली आणि तोंडावर जून महिना असेल तर मी वाट बघत बसणार नाही.

मर्यादेच्या खाली गेलेली प्लेट लगेच तुटून पडते असं नव्हे, म्हणून तर लोक चालवत राहतात. पातळ प्लेटमध्ये उष्णता सामावून घ्यायला लोखंडच कमी, ती लवकर तापते आणि लवकर वाकते. दुसरं, प्लेट आणि पॅड दोन्ही झिजलेले असले की कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन नेहमीपेक्षा जास्त बाहेर येतो. तो सीलच्या पुढे सरकला तर ब्रेक ऑइल बाहेर आणि लिव्हर थेट हँडलला. हे घाटात झालं तर काय, ते लिहायला नको.

प्लेट 'आउट' आहे का

जाडी ठीक पण प्लेट वाकडी, हेही होतं. पुढचं चाक अधांतरी करा. केबल टाय फोर्कच्या पायाला आवळून बांधा आणि त्याची शेपटी अशी कापा की टोक प्लेटला लागता लागता राहील. चाक हळू फिरवा आणि टोक आणि प्लेट यांच्यातल्या फटीवर नजर ठेवा. फट एकसारखी राहिली तर प्लेट सरळ. एका जागी टोक घासलं आणि समोरच्या जागी फट मोठी झाली तर आउट आहे. किती, ते फिलर गेजच्या (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या संचाच्या) पात्याने मोजता येतं. चालणारी मर्यादा कंपनीप्रमाणे ०.१ पासून ०.३ मिमीपर्यंत असते, नेमकी तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. गॅरेजमध्ये डायल गेज असेल तर दोन मिनिटांचं काम.

टोक पट्ट्यावर धरा, भोकांच्या रांगेवर नको, नाहीतर टकटक ऐकून भलताच निष्कर्ष काढाल.

प्लेटला दोष देण्याआधी चाकाचं बेअरिंग बघा. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग गेलंय आणि प्लेट बिचारी त्याच्यासोबत नाचतेय. ब्रेक मारल्यावर लिव्हर न धडधडता नुसतं हँडल थरथरत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, तेही बघून घ्या. दोन तुकड्यांची, मधे गोल बटणं असलेली फ्लोटिंग प्लेट असेल तर ती हाताने किंचित हलणारच, तिची रचनाच तशी आहे.

एबीएसवाल्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या गाडीत आणखी एक गोंधळ होतो. १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर प्लेटच्या जवळ खाचांची एक बारीक चकती दिसेल. ती सेन्सरसाठी असते, ब्रेकसाठी नाही. तिला हातोडी-पाना लागू देऊ नका. आणि वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर लिव्हर थरथरली तर ते एबीएसचं काम चाललंय. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर हळुवार ब्रेक मारतानाही धडधडत असेल, तर ते एबीएस नव्हे, प्लेट.

पॅड, पिना आणि ऑइल

प्लेट एकटी झिजत नाही, म्हणून इथवर आलात तर कॅलिपरमध्येही डोकावा. पॅडच्या मागच्या लोखंडी पत्र्यावर घासणारा मसाला किती उरलाय ते बघायचं. बहुतेक पॅडला मधे खाच असते, ती दिसेनाशी झाली की पॅड संपला. मसाला एक मिलिमीटरवर आला तरी मी बदलतो. पत्र्यापर्यंत गेलेला पॅड प्लेटला दोन दिवसांत खाऊन टाकतो, आणि पॅडच्या कितीतरी पट खर्च प्लेटचा असतो. 'खर्रर्र' आवाज यायला लागला म्हणजे उशीर झालेलाच आहे.

आता ती राहिलेली गोष्ट. दोन गाड्यांवर आतली बाजू नांगरलेली होती ती कशाने? आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो एका पॅडला ढकलतो आणि कॅलिपर स्वतः पिनांवर सरकून दुसऱ्या पॅडला ओढतो. त्या पिना चिखलाने, गंजाने जाम झाल्या की सरकणं बंद. मग दोन्ही पॅड सारखे झिजत नाहीत. त्या दोन गाड्यांत आतला पॅड पत्र्यापर्यंत संपला होता, आणि बाहेरून दिसणारा पॅड मात्र नव्यासारखा. गाडी उभी असताना कॅलिपर हाताने धरून आत-बाहेर ढकलून बघा, थोडा तरी हलायला हवा. जाम असेल तर पिना काढून, साफ करून, रबरी टोप्या तपासून सिलिकॉन ग्रीस लावून घ्या. साधं चेसिसचं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. मी असल्या गाडीसाठी एकदा एका सर्व्हिस सेंटरकडून 'ब्रेक ओके' असा शिक्का घेऊन आलो होतो. त्यांनी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. बाहेरचा पॅड ओकेच होता.

पॅड प्लेटला चिकटून चाललाय का हे बघायची सोपी युक्ती अशी: सपाट रस्त्यावर शक्यतो ब्रेक न वापरता तीन-चार किलोमीटर जाऊन या, उतरा आणि प्लेटवर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा. चर्रर्र झालं तर चिकटतोय. एकच थेंब, बरं का. तापलेल्या प्लेटवर वॉशिंग सेंटरचा थंड फवारा मारला तर सरळ प्लेटही वाकडी होऊ शकते.

मास्टर सिलिंडरच्या (हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या) खिडकीत ऑइलची पातळी खाली दिसली की नवखा माणूस बाटली आणून भरतो. थांबा. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि तेवढं ऑइल खाली उतरतं, गळती नसतानाही. तुम्ही वर भरलंत आणि उद्या नवे पॅड घालताना पिस्टन आत दाबला, की तेच ऑइल झाकणातून उसळून टाकीवर येतं आणि रंग खातं. आधी पॅड आणि प्लेट मोजा, मग बाटली उघडा. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, कारण ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्या डॉट ४ ची हमी १५५ अंशांवर येते. झाकणावर डॉट ३ की ४ लिहिलेलं असतं, तेच घाला. डॉट ५ हे वेगळ्या जातीचं, सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही.

बदलायचीच ठरली तर

कुणीतरी नक्की सांगेल, "लेथवर फेस मारून देतो, शंभर-दोनशेत काम होईल." मलाही सांगितलं होतं. चारचाकीच्या जाडजूड डिस्कला असं तासून सपाट करतात, पण इथे मुळात अर्धा मिलिमीटरच झिजायला आहे. चऱ्या जाईपर्यंत फेस मारला की प्लेट मर्यादेखाली गेलेलीच असते. सरळ नवी घ्या, गाडीचा पार्ट नंबर देऊन.

पॅडही नवेच घाला. जुन्या पॅडवर जुन्या प्लेटच्या चऱ्यांचा उलटा साचा असतो, तो नव्या प्लेटवर नुसता टेकड्यांवर घासेल. हबची बैठक घासून साफ करा. तिथे गंजाची एक पापडी राहिली तरी नवी कोरी प्लेट आउट फिरते. प्लेटवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला. बोल्ट एका बाजूने ओळीने नाही, समोरासमोर थोडे थोडे आवळत जायचे, थ्रेड लॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावून आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे तिथे दिलेल्या जोराने. जुने बोल्ट ॲलन कीने निघता निघता गोल होतात, म्हणून पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने ते मेस्त्रीकडूनच करून घ्यावं असं माझं मत आहे. तपासणी घरी, बसवणं गॅरेजमध्ये. बसवताना समोर उभं राहायला कुणी मनाई केलेली नाही.

पॅड घातल्यावर गाडी जागेवरून हलवायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे दाबलेला असतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक लागतच नाही. गॅरेजच्या दारातून निघून समोरच्या टपरीत घुसलेला एक जण मला माहीत आहे. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका, हलक्या हाताने वापरून पॅड आणि प्लेट एकमेकांना बसू द्या.

नखाची तपासणी मी गाडी धुताना करतो, मोजमाप वर्षातून दोनदा: मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, आणि दिवाळीच्या सुमारास, चिखल संपल्यावर. मागच्या ब्रेकवर पाय ठेवून चालवायची सवय असलेल्यांनी मागची प्लेट जास्त वेळा बघावी. नोंद वहीत ठेवली की वही हरवते, म्हणून मी ती साईड पॅनेलच्या आतल्या बाजूला मार्करने लिहितो. सध्या तिथे पुढच्या प्लेटच्या तीन ओळी आहेत: बसवली तेव्हा ४.००, दिवाळीला ३.९६, मे महिन्यात ३.९३. तिन्ही मधे मोजलेले.